जावयाचा दोन हातांचा रामराम

जबाब
राहुरी, ता. १४ मे १९९७

मी भागिरथी सहादेव म्हसे, वय ४६ वर्षे, धंदा शेती व घरकाम, राहणार खडकवाडी, तालुका राहुरी. पतीच्या अपघाताबद्दल विचारल्यावरून समक्ष हजर राहून सांगते की, पती सहादेव मोटारसायकल चालवतात आणि चांगली चालवतात.

हेल्मेटची सक्ती झाल्यापासून पतींनी हेल्मेट घेतले आहे. ते फक्त नाक्यावर घालतात, कारण तिथे पोलीस उभे असतात. नाका आला की डोक्यावरची टोपी माझ्याकडे, नाका गेला की हेल्मेट माझ्या मांडीवर. या अदलाबदलीला मी वैतागले आहे.

परवा सकाळी आम्ही माझ्या माहेरी बारशाला निघालो. नाका ओलांडल्यावर मी म्हणाले, "राहू द्या की डोक्यावर." ते म्हणाले, "सासुरवाडीत तोंड झाकून जाऊ व्हय? लोक म्हनतील, जावई लई माजला." हेल्मेट माझ्या मांडीवर आले.

गावात शिरताना पारावर माझे चुलते आप्पासाहेब बसले होते. वडीलधाऱ्यांना एका हाताने रामराम घालणे पतींना पटत नाही. त्यांनी हँडल सोडून दोन्ही हात जोडले. गाडी पाराला धडकली व पतींचे डोके दगडावर आपटले. मला खरचटले. हेल्मेट मी घट्ट धरले होते, त्याला ओरखडासुद्धा नाही. त्याचा मला फार राग येतो.

लोकांनी टेम्पोत घालून पतींना नगरच्या दवाखान्यात नेले. रात्रभर ते शुद्धीवर नव्हते. टोपीला रक्त लागले होते, ती मी नळाखाली धुतली. करण्यासारखे दुसरे काही नव्हते. काल सकाळी त्यांनी डोळे उघडले व विचारले, "आप्पांनी रामराम घेतला का गं?" मी म्हणाले, "घेतला." मग मी रडले.

माझी कोणावर तक्रार नाही. पती बरे झाले की पुन्हा गाडीवर बसणार. लग्न झाल्यापासून त्यांनी माझे ऐकलेले नाही, पण पोलीस दिसला की निमूट ऐकतात. मला ते हवे आहेत. तरी माझ्या माहेरच्या वेशीवर एक शिपाई उभा करावा. त्याला खाट आणि चहा माझा भाऊ देईल.

जबाब वाचून दाखवला, माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. शिपायाचे तेवढे साहेब लिहीत नव्हते. ते लिहिल्यावरच मी अंगठा दिला.