खांद्यावरचा सांधा

नाही वहिनी, तिथे नाही – ती नर्सच्या झग्याची घडी आहे. सांधा वर शोधा, खांद्यापाशी. बोट फिरवा की, पुतळा काही लाजत नाही! नाही ना सापडत? हेच तर आमचं काम – दादा ओतणार, मी जोडणार, घासणार, ज्योतीने तापवून ॲसिड मारून असा रंग चढवणार की बाई अखंडच जन्मली वाटावी. त्याच्या हातचं शेवटचं काम. म्हटलं, हॉस्पिटलवाले न्यायच्या आत तुम्ही एकदा बघावं.

हा हात मात्र त्याचा नाही. त्या दिवशी पुतळ्याचं धड व्यवस्थित ओतलं गेलं, आणि मग हाताच्या साच्यात – तुम्हाला माहीतच आहे. हात नंतर मी ओतला, बाजारातल्या वेल्डिंगच्या काडीने जोडला. घासला तेव्हा काही दिसेना, पण रंग मारला आणि खांद्यावर तांबूस रेघ उठली, ही अशी, बोटभर. दादा कानीकपाळी ओरडायचा, काडी त्याच ओताची हवी, धातू वेगळा तर रंगही वेगळा. तीनदा खरवडलं, तीनदा उठली. मग म्हटलं, त्या ओताचा धातू आहेच की. कुठे म्हणजे? जमिनीवर. सांडला तिथेच थिजून पडला होता, कोणी हात लावेना. मी छिन्नीने उचकटला, वितळवला, हात पुन्हा ओतला, उरल्याच्या काड्या केल्या... बसा ना. पाणी देऊ?

कारखान्याचा मालक काय सांगतो ते ऐकलंय मी – घाई केली, ओल्या साच्यात ओतलं, वाफ कोंडली, धातू अंगावर उसळला. तुम्हीही परवा मुलींना म्हणालात, तुमचा बाप उतावळा होता म्हणून. उतावळा? दादा? जेवायला यायचा तोवर ताट गार व्हायचं! साचा भाजून झाला की तोंडावर काच धरायची, काचेवर वाफ धरली तर आत ओल आहे. तो धातूच्या मुशीपाशी, तो कुठे काच बघणार? ते माझं काम. धरली मी काच. धरली होती. वाफ आली – थोडीशीच, आपण श्वास सोडावा एवढी. दोन दिवस भाजलेला साचा, वाटलं काचच गार असेल. बाहीने पुसली. पुसली की परत धरायची असते, वहिनी. नाही धरली. तिकडून दादाने विचारलं, "कोरडा?" मी म्हटलं, "कोरडा."

अजून तेवढंच विचारतो. रागावत नाही, शिवी देत नाही. भर दिवसा, मी ज्योत पेटवली की पाठीमागून – "कोरडा?" मला भीती वाटते हो. वळून बघणं सोडलंय मी.

हे सांगायला नव्हतं बोलावलं. पुतळा दाखवायला बोलावलं होतं, खरंच.

नका, हात नका लावू मला. मुलींना सांगा, बाप उतावळा नव्हता. काकाला विचारून ओतलं त्याने. जा वहिनी. जा म्हणतो ना.