मामांनी निवडलेली लॉरी

लॉरी म्हटलं की मला आमचे मामा आठवतात. मामा भीमेवरचे नावाडी, पाण्याला कधी भ्याले नाहीत, पण आगीला लई भ्यायचे. नवी नाव दोन चाकांच्या गाड्यावर चढवून सोलापुरातून भीमेकाठी लॉरीनं ओढत न्यायची होती. अड्ड्यावर दोन लॉऱ्या होत्या, एक पेट्रोलची, दुसरी क्रूड तेलाची, म्हणजे आताच्या डिझेलसारखी. मामा म्हणाले, "पेट्रोल भडकतंय. तेलाचीच घ्या."

नवी नाव रिकामी न्यायची नसते, म्हणून मामा तिच्यात बसले आणि आम्ही त्यांच्यासकट नाव दोरांनी गाड्याला आवळली. थंडीची सकाळ, इंजिन काही सुरू होईना. तेव्हा ड्रायव्हर रहीमभाईंनी काठीला चिंध्या गुंडाळल्या, तेलात बुडवून पेटवल्या आणि तो जाळ थेट इंजिनाखाली धरला.

मामांची वाचाच बसली. मी विचारलं, "अहो, हे काय करताय?"

"तेलाचं इंजिन गारठलं की शेकावं लागतं," रहीमभाई म्हणाले. "पेट्रोलच्या गाडीला नाही लागत."

इंजिन धडधडलं आणि आम्ही निघालो. मोहोळला रहीमभाईंनी गाडी थांबवली. म्हणाले, "इंजिन बंद करतो, चहा घेऊ."

तो जाळ बघितल्यापासून मामा पहिल्यांदा बोलले, "बंद करू नगा. परत पेटवशीला."