भारलेलं पाणी

पद्माबाई : काहून आसं टक लावून बघून राहिली त्या कम्प्युटरात? काय झालं, शीतल?

शीतल : त्या म्हाताऱ्याचं उत्तर आलंय, माय.

पद्माबाई : कोन म्हातारा?

शीतल : इंग्लंडातला. त्यानं चहाच्या दुकानाची तक्रार लिहिली होती ना, ती मीच वाचून वर कळवली. तिकडच्या तक्रारी वाचायचंच काम ना माझं.

पद्माबाई : तो जादूवाला?

शीतल : व्हय. ‘मला वॉटर बिविच्ड दिलं’, एवढंच लिहिलं होतं त्यानं. बिविच्ड म्हंजी भारलेलं, करणी केलेलं. मला वाटलं, पाण्यात कुणी काही कालवलं. मी घाईघाईनं तसंच साहेबाला लिहिलं.

पद्माबाई : मंग बराबरच केलं की. कोनाच्या जिवाला काही झालं आसतं म्हंजी?

शीतल : काहीच नव्हतं त्यात! आता तब्येत विचारली तर हसून राहिला. म्हणतो, त्याची आजी पातळ चहाला तसं म्हणायची. जुनी बोली हाय तिकडची. पत्ती नावाला, बाकी गरम पाणी. त्याच्याहून पातळ असला तर ‘कॅट लॅप’. मांजरानं चाटायजोगा.

पद्माबाई : आगं बया! मंग मिटलं की.

शीतल : कुठं मिटलं? दुकान बंद केलंय साहेबानं. चहा करणाऱ्या पोरीला घरी बसवलंय. माझ्यामुळं.

पद्माबाई : तुला कोनी काही म्हनलं?

शीतल : अजून कुणाला म्हाईतच न्हाई. हे उत्तर फक्त मलाच आलंय.

पद्माबाई : मंग पुसून टाक.

शीतल : माय!

पद्माबाई : माय काय? तुझं काम आजून कच्चं हाय, तूच म्हनलीस. चौकशी करतील, काही सापडनार न्हाई, घेतील तिला परत.

शीतल : आन न्हाई घेतलं तर? चहात काही कालवते असं नाव झाल्यावर तिला दुसरीकडं कोण ठेवील?

पद्माबाई : तुला कोन ठेवील? सेनगावात घरी बसून आसं काम पुन्हा भेटंल? माझ्या गुडघ्यानं आता शेतात निंदायला बसवत न्हाई, लेकरा.

शीतल : म्हाईत हाय मला.

पद्माबाई : आजचा दिस जाऊ दे. उद्या बघू.

शीतल : पाठवलं, माय.

पद्माबाई : काय पाठवलं?

शीतल : सगळं. चूक माझी हाय म्हणून साहेबाला लिहिलं.

पद्माबाई : थांब म्हनत होते ना मी!

(पद्माबाई शीतलजवळ सरकते. मग कम्प्युटर टिंग करतो.)

पद्माबाई : वाच. मोठ्यानं वाच.

शीतल : दुकान उद्या उघडणार. पोरीला बोलावून घेतलंय.

पद्माबाई : आन तुझं?

शीतल : तूर्त काम थांबवा, म्हणतात. सोमवारी बोलू.

पद्माबाई : म्हंजी काढलं?

शीतल : तसं न्हाई लिहिलं. ठेवतो असंबी न्हाई लिहिलं.

पद्माबाई : हं. काय नाव त्या पोरीचं?

शीतल : कुठंच न्हाई लिहिलेलं, माय. मी बी विचारलं न्हाई.