देवकाबाईले काय सांगू?

(नाचणगाव, १९५४. पंचफुलाच्या घराची ओसरी. पंचफुला आणि तिचा धाकटा भाऊ तानबा.)

पंचफुला : पन तू देवकाबाईले असं सांगतलंच काऊन, का माह्या छातीतली गाठ तेलानं बसली म्हनून?

तानबा : मंग कायनं बसली, बाई? भट्टीवरून तिखाडीच्या गवताचं ताजं तेल आनतो तुह्यासाठी. लिंबाएवढी गाठ बोराएवढी झाली. लबाड बोललो का मी?

पंचफुला : अन् नागपूरले बिजलीचा शेक घेतला, तो?

तानबा : त्यानं तं कातडं जळलं तुह्यं. घास उतरे ना, डोळा लागे ना. तेल लावलं तवा झोपली ना?

पंचफुला : झोपली. तो वास आला का डोक्सं हलकं होते. ते खोटं नाई.

तानबा : डाक्टरबी लावा म्हने!

पंचफुला : हातापायाले. शेकल्या जागी नाई. बरं वाटते तं लावा, पन हा क्यान्सर हाय, शेक सोडू नका म्हने.

तानबा : तेलानं गाठ जात नसन, तं लावा कायले म्हनते? अन् जात असन, तं शेक कायले? माह्यं तं डोक्संच चालून नाई राह्यलं.

पंचफुला : मले तरी कुठं समजते! गाठ माह्यी, पन कायनं बसली ते मलेच ठाव नाई.

तानबा : ते पाह्य, आलीच देवकाबाई. माह्या बोलन्यावर नागपूरचं जानं मोडलं तिनं.

देवकाबाई : पंचफुलाबाई, मलेबी गाठ हाय, काखेजवळ. नागपूर म्हटलं का कापरं भरते. तुमी तेलानंच बऱ्या झाल्या ना?

पंचफुला : बस आधी, लंबून पायी आली तू. मी बरी झाली, हे कोनं सांगतलं? सोमवारी अजून बोलावलं हाय मले.

देवकाबाई : म्हंजे तेल खोटं?

पंचफुला : नाई.

देवकाबाई : मंग खरं?

पंचफुला : झोपेपुरतं खरं. त्याच्या पुढचं मले सांगता येत नाई, माय.

देवकाबाई : तानबा, तू तं छातीठोक सांगे!

तानबा : बहीन पोटभर जेवली त्या दिवशी. मले वाटलं, झालं, सुटलो.

देवकाबाई : आता मी काय करू?

पंचफुला : सोमवारी पुलगावहून माह्यासंगं गाडीत बसजो. भेव मलेबी वाटते.

देवकाबाई : अन् हे तेल?

पंचफुला : पाय आन इकडं, लावून देतो. चालून चालून सुजले तुह्ये.