दोघांचं एकच खातं

जिनदास : हे पाह्य, पुन्हा आलं! सोयाबीनचा भाव पाहाले मोबाइल उघडला, अन् भावाच्या आंधी दवाखाना.

अंगुरीबाई : येतात तशा जाहिराती. फुलीवर बोट दाबा, जाते.

जिनदास : फुली दिसते कुठं? राजगिऱ्याच्या दान्याएवढी हाय. दाबाले गेलो तं दवाखानाच उघडते.

अंगुरीबाई : मंग ठेवून द्या थो मोबाइल. जेवाले चला, दिवस बुडून राह्यला.

जिनदास : परवापासून हेच चालू हाय, अंगुरी. ‘छातीत गाठ? घाबरू नका.’ काल म्हने, ‘गाठ दुखत नाही? तरी दाखवा.’ मी गडी मानूस, मले काहून सांगून राह्यले हे?

अंगुरीबाई : कोनालेही सांगतात थे.

जिनदास : पुण्याले आपल्या श्रेयांसले फोन लावला म्या. थो म्हने, बाबा, तुमच्या अन् आईच्या मोबाइलात म्या एकच खातं टाकेल हाय. एकात काही शोधलं का जाहिरात दुसऱ्यातही येते.

अंगुरीबाई : ...मंग? पोराले काय सांगतलं तुमी?

जिनदास : म्हटलं, माह्याच हातानं काही दाबल्या गेलं असंन. त्याले काही मालूम नाई. आता मले सांग.

अंगुरीबाई : डाव्या बाजूले हाय. बोराएवढी. दुखत नाई.

जिनदास : कवापासून?

अंगुरीबाई : होळीपासून.

जिनदास : अन् मले सोडून मोबाइलले इचारलं!

अंगुरीबाई : म्हटलं, याले तोंड नाई, हा कोनाले सांगन? चुगलखोर निंगाला मेला. तुमी तं आपल्या किरान्याच्या दुकानात बसून अख्ख्या शिरपूरच्या गोष्टी पोटात ठेवल्या.

जिनदास : बाया सांगतच कुठं होत्या? रुखमाबाई नुसती खांबापाशी उभी राहे. गिराइक सरलं का मी वरच्या खनातून तिचं महिन्याच्या अडचनीचं पाकीट काढो, पेपरात गुंडाळो, सुतळी बांधो. अन् पिशवीत वरून गुळाची भेली ठेवो. रस्त्यानं लोकाले गुळच दिसे.

अंगुरीबाई : अन् प्रयागबाईची सून? तिले दिवस गेले हे तुमाले सगळ्याच्या आंधी मालूम. चिंच अन् खायाची माती नेत होती न थे! मी शेजारीन, अन् मले तिचं पोट दिसल्यावर समजलं. केवढी भांडली होती मी तुमच्यासंग.

जिनदास : बोलनं बंद केलं होतं तू. तरी नाई सांगतलं.

अंगुरीबाई : तवा राग आला. आता बसल्या बसल्या थेच दिवस याद येतात. वजन करतानी तुमी रेडिओसंग गुनगुनत जा, अन् मी मांगच्या दारातून चहा आनो...

जिनदास : बात बदलू नको. डाक्टरले काहून नाई दाखवलं?

अंगुरीबाई : भेव वाटते. माह्या ताईले अशीच होती न. दवाखान्यात गेली, थे घरी आलीच नाई.

जिनदास : ताईले लय उशीर झाला होता. तिनं तं कोनालेच सांगतलं नव्हतं. उद्या वाशीमले जाऊ. डाक्टरीनबाई हाय तिथं.

अंगुरीबाई : शेजारी इचारतीन.

जिनदास : माह्ये डोळे दाखवाले चाललो म्हनू. चाल, जेवून घेऊ.

(दुसऱ्या दिवशी. वाशीमहून परतीची एसटी.)

जिनदास : चरबीची गाठ! नुसती चरबीची! फोटो काढून सांगतलं बाईनं. अन् तू होळीपासून जीव टांगून बसली.

अंगुरीबाई : हळू बोला. एसटी हाय.

जिनदास : ऐकू दे लोकाले, आज ऐकू दे. अन् श्रेयांसले सांगून आता खातं वेगळं करून घेऊ.

अंगुरीबाई : करा. पन एक इचारू? माह्या मोबाइलात काचेच्या बरण्या काहून येऊन राह्यल्या? बरण्या, तराजू, लाकडी काउंटर.

जिनदास : ...कवापासून?

अंगुरीबाई : दुकान विकलं तवापासून.

जिनदास : नुसता पाहो व. घ्याच्या थोड्याच हायेत. दुपार जात नाई. बरणीचं झाकन फिरवलं का एक आवाज ये, याद हाय तुले? अन् तुले मालूम होतं तं बोलली काहून नाई?

अंगुरीबाई : तुमी बोलले नाई, म्हनून.

जिनदास : आता आनून तरी ठेवाव कुठं?

अंगुरीबाई : समोरच्या खिडकीत जागा हाय. मागवा दोन-चार. रिकाम्या असल्या तरी चांगल्या दिसतीन.