तीन मोटरींची माळ

पण ओमकारचं नाव कशाला, मॅडम? — नाही, म्हणजे ओमकार चांगलाच मुलगा, त्याचं ते ठिबक सिंचनाचं मॉडेल बघितलं मी, पाणी बरोब्बर पडतं — पण जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात ठिबक सिंचन दर वर्षी असतं हो, प्रत्येक शाळेचं असतं. रॉकेट कोणाचं असतं सांगा? बसा ना, उभ्या कशाला, खुर्ची पुसलेली आहे. तुम्ही स्नेहसंमेलनाचं लायटिंग आणि साऊंड सांगायला आलात, ते झालंच म्हणून समजा, तारीख मांडून ठेवली, अख्ख्या जामसंड्यात विचारा लवूचं लायटिंग कसं असतं ते. ते सोडा. गौरजाचं बोला. माझ्या सख्ख्या भावाची मुलगी म्हणून नाही सांगत — बरं, म्हणूनही सांगतो, त्यात काय लपवायचं — पण रविवारी सड्यावर एक रॉकेट वाकडं गेलं, तेवढ्यावरून पोरीचं नावच काढून टाकायचं?

हो. चूक तिनं स्वतः कबूल केली. माईकवर केली. साऊंडला मीच होतो, मी नाही ऐकलं तर कोण ऐकणार! पण कबूल केली म्हणजे तिचीच होती असं थोडंच आहे? आपल्याकडे हवा दमट, मॅडम. तुम्ही घाटावरच्या, तुम्हाला अजून सवय नसेल, इथे मीठसुद्धा डब्यात पाणी सोडतं, तिथे त्या बारीकशा वातीचं काय घेऊन बसलात! किटमध्येच दोष असेल. परदेशी वस्तू, तिकडच्या कोरड्या हवेसाठी केलेली... हां, परदेशी नव्हतं, खरं आहे, पुण्याचं होतं. माझ्याच दुकानाच्या पत्त्यावर आलं होतं की कुरियरनं.

मी बघितलंय ना ते बनताना, इथेच, ह्याच काउंटरवर. पुठ्ठ्याची नळी, हलक्या लाकडाचे पंख, वर प्लास्टिकचं टोक, आत घडी घालून बसवलेली छत्री. साधं रॉकेट एका मोटरीवर उडतं, पण आमच्या बाईसाहेबांना तीन मोटरींचं पाहिजे! मोटर म्हणजे काय, बोटाएवढी कांडी, आत दारू ठासलेली. गंमत अशी की तिन्ही एकदम पेटल्या पाहिजेत, एक जरी मागे राहिली की रॉकेट त्या अंगाला कललंच. म्हणून प्रत्येक मोटरीत विजेवर पेटणारी एक वात — इग्नायटर म्हणतात — आणि तिघींना मिळून एकच बटण. पंख चिकटवताना श्वास रोखून बसायची हो ती. मी फॅन लावला तर ओरडली, काका, फॅन बंद कर, गोंद हलता! गिऱ्हाइकं घामाघूम, आणि फॅन बंद. मी केला बंद. लाडकी ना. टेस्टर हातात कसा धरायचा, तार कशी सोलायची, कथिल कसं वितळवायचं, सगळं ह्याच काउंटरवर शिकली ती, पाय जमिनीला टेकत नव्हते तेव्हापासून. कोणी विचारलं, तू कोण होणार गो, तर म्हणायची, लवूकाका होणार.

तर ह्या खेपेला मी म्हटलं, वायरिंग मी करून देतो. तर म्हणाली, नको काका, ह्या माझा मी करतंय. एवढंच. प्रेमानंच म्हणाली, उद्धटपणा नाही. आणि केलंन, चांगलं केलंन, तिन्ही वाती वेगवेगळ्या जोडल्यान, प्रत्येकीला बॅटरीवरून आपापला करंट. मला जरा ते... झाडूच्या हिरांसारखं दिसत होतं, सहा तारा इकडून तिकडे. मी म्हटलं, एवढा पसारा कशाला? सरळ माळ कर. एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. गणपतीची माळ बघतेस ना, बटण दाबलं की सगळे बल्ब एकदम! शिवाय तिघींना वेगळा करंट ओढायचा तर बॅटरी दमेल. मी काय वाईट सांगत होतो?

रविवारचा कार्यक्रम तर तुम्हीच मांडला होता, मॅडम. सडा म्हणजे नुसता उघडा कातळ, आजूबाजूला वस्ती नाही, मंडप माझा, खुर्च्या माझ्या, साऊंड माझा. पंचायतीची माणसं, पालक, पोरं, निम्मा गाव लोटला होता. आणि तुम्ही माईकवर म्हणालात, गौरजानं हे रॉकेट कोणाचीही मदत न घेता तयार केलं आहे. म्हणालात ना? आठवतंय तुम्हाला? नाही, त्यात तुमचं काही चुकलं नाही, तिनंच तसं लिहून दिलं असणार, आणि खोटं तरी कुठे होतं. मी तेव्हा त्याच माईकची वायर हातात धरून उभा होतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या, वायर काखेत धरून. पण कोणाचीही म्हणजे, मॅडम... कोणाचीही?

मग देवाला गाऱ्हाणं झालं. आमच्याकडे गाऱ्हाण्याशिवाय काही उडत नाही हो, होडी नाही आणि रॉकेटही नाही. गावातले जाणते दत्तारामआबा पुढे झाले, नारळ घेतला, बा देवा म्हाराजा, ह्या आमच्या चेडवान जो काय उपक्रम मांडल्यान हा, तो तडीक ने रे म्हाराजा, काय वाकडासाकडा आसात ता मागे सार रे म्हाराजा — आणि सगळा सडा, व्हय म्हाराजा! तुम्हीसुद्धा हात जोडून उभ्या होतात. सगळ्यांचे डोळे मिटलेले. आणि आबांचं गाऱ्हाणं म्हणजे काय, गावातला एकही देव सुटत नाही, वेशीवरच्यापासून समुद्रातल्यापर्यंत, वेळच वेळ. मी तेवढ्यात एकदा रॉकेटच्या स्टँडकडे गेलो, म्हटलं एक नजर टाकू, जॉइंट सैल नाही ना. बटणाची चावी तिच्या गळ्यात होती, तारेत करंट नव्हता, धोका काही नाही. जॉइंट चांगले होते. अगदी घट्ट. मी शिकवल्यासारखेच.

— काय? नाही, हात कशाला लावीन... म्हणजे, लावला. जरासा. सारखं केलं म्हणा.

आता तुम्ही अशा बघू नका, मॅडम. चहा सांगतो. नको? बरं, नको. सारखं केलं म्हणजे... माळ केली. पक्कड खिशात असतेच माझ्या, देवळात जातानासुद्धा असते. दोन तारा तोडल्या, तीन ठिकाणी पीळ दिला, टेप मारली, आबा अजून वाऱ्याच्या देवावर होते. आणि मागून सगळे ओरडतायत, व्हय म्हाराजा! माका वाटला... मला वाटलं, उडालं की संध्याकाळी हळूच सांगेन तिला. बघ, तुझं तुझं म्हणत होतीस, शेवटी काकाची माळच कामाला आली ना? हसली असती ती. एवढंच हवं होतं मला, दुसरं काही नव्हतं मनात, देवाशपथ.

आणि माळेचं काय होतं हे तुम्ही मुलांना शिकवता, मॅडम, पण मी त्यावर पोट भरतो. एक बल्ब उडाला की सगळी माळ काळी. चतुर्थीच्या आधी महिनाभर माझं दुसरं कामच नसतं, लोक माळा आणून टाकतात, मी एकेक बल्ब चिमटीत धरून उडालेला शोधत बसतो. आणि इग्नायटर? तो उडण्यासाठीच असतो! पेटला म्हणजे तार जळाली, तार जळाली म्हणजे तुटली. तिघींतली जी कोणी केसभर आधी पेटली तिनं पुढच्या दोघींचा करंट तोडला. सरळ गोष्ट. शेंबड्या पोराला कळेल. आणि मला... मला सांगितलं होतं हो तिनं. इथेच, टॉर्चचे तीन बल्ब लावून दाखवलंन. काका, माळेत एक गेलो की सगळे जातत, म्हणून वेगळे जोडलंय. मी ऐकलंच नाही. मी म्हटलं, माका माळ शिकवतंस? तिनं बल्ब काढून ठेवलेन. कान उघडे होते माझे, पण आत काही गेलंच नाही, कारण डोक्यात एकच, ही कालची पोर, हिचा टेस्टर मी घेऊन दिला.

पुढचं तुम्ही बघितलंतच. पाच चार तीन दोन एक, पोरांचा गलका, आणि फुस्स करून एकाच अंगानं धूर. वर चढलं थोडं, दारू प्यायल्यासारखं झोकांडलं, आणि आडवंच निघालं राधाबाईच्या आंब्याच्या बागेकडे. सुकलेलं गवत, पेटायला कितीसा वेळ! पोरांनी टहाळे घेऊन झोडपलं म्हणून थांबलं, पण कडेच्या दोन कलमांचा मोहोर करपला. राधाबाई नुसती झाडाखाली जाऊन वर बघत उभी राहिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आणि हेडसर विचारतायत, वायरिंग कोणी केलं? कोणी केलं वायरिंग?

तेव्हा ती स्टँडपाशी वाकली होती. काय करते, मला दिसत नव्हतं. मग आली, माईक हातात घेतलान, म्हणाली, सर, मी केलं, चूक माझी आहे.

आणि मी आवाज कमी केला. — हो, माईकचा. बटण माझ्याच हातात होतं. तेव्हा मी मनाला समजावलं की पोरीची शोभा नको लोकांसमोर, म्हणून कमी करतोय. कोणाची शोभा? तिची? माझ्यासमोर साऊंडचा दुसरा माईक तसाच पडला होता, मॅडम, चालू होता. उचलायचा आणि बोलायचं, केवढं काम! जीभ उचलली नाय. आणि मी आवाज कमी केला म्हणून मागची पोरं ओरडली, आयकाक येणा नाय! परत बोल! आणि तिला परत बोलायला लागलं. दुसऱ्यांदा. चूक माझी आहे. माझ्यामुळे तिला ते दोनदा बोलायला लागलं.

संध्याकाळी आली दुकानात. मी फ्यूज झालेली माळ घेऊन बसलो होतो, वर बघितलंच नाही. तिनं इथे, ह्या इथे, एक गुंडाळी ठेवलीन आणि म्हणाली, काका, ही तुझी वायर. आणि गेली. रागानं नाही हो. उसना नेलेला चिमटा परत ठेवावा तशी ठेवलीन. मी सोडून बघितली तर तीन जॉइंट, आणि जॉइंटवर पिवळी टेप. सगळे काळी लावतात, मॅडम. पिवळी मी एकटाच लावतो, मुद्दाम, म्हणजे लोकांना कळावं काम कोणाचं आहे ते. ती वाकली होती ना स्टँडपाशी, ती ह्याच्यासाठी. हेडसर तिथे यायच्या आधी काढून दप्तरात टाकलीन. म्हणजे तिका ठावक होता. माईक हातात घेतल्यान तेव्हाच ठावक होता! मी केलंय ता. तिना काय्येक केल्यान नाय, आणि गावासमोर दोनदा माझा पाप आपल्या नावार घेतल्यान. तेव्हापासून माझ्याशी नीट बोलते, जेवलंस काय विचारते. मला तिच्यासमोर घास गिळवत नाही.

झालं. बोललो. तुम्ही लायटिंग सांगायला आलात आणि मी काय काय ऐकवत बसलो. तर तेवढं ओमकारचं नाव खोडा आणि — काय? उद्या? प्रार्थनेच्या वेळी? मी?

सगळ्या शाळेसमोर?

नाही हो मॅडम. तुम्हाला सांगितलं ना मी. तुम्ही हेडसरांच्या कानावर घाला, तांत्रिक बिघाड म्हणा, खोटं नाही त्यात काही. कोणी केलं ते कशाला काढायचं? देवळाची जत्रा तोंडावर आली, लायटिंग माझ्याकडे आहे. शिक्षक, पोरं, घरोघरी होईल, लवूला साधी माळ कळत नाही. हसतील हो लोक. — हां. तिला हसतायत ते... हां. मला ठाऊक आहे. पोरं ह्याच रस्त्यानं शाळेत जातात, आडवं रॉकेट, आडवं रॉकेट करतात तिच्या मागून, मी इथे बसून ऐकतो. नका सांगू मला.

तुम्ही निघा आता, मॅडम. गिऱ्हाईक यायची वेळ झाली. नाही, दिसत नाहीये कोणी, पण येईल. स्नेहसंमेलनाची काळजी करू नका, तारीख पक्की आहे. चला, या.

मॅडम. प्रार्थनेला माईक कोण लावतं तुमच्याकडे? शिपाई ना? त्याचा आवाज नेहमी बारीक असतो, मागच्या रांगेला ऐकू जात नाही. त्याला म्हणावं हात लावू नको. सकाळी मी येऊन लावतो.

आता जावा तुम्ही.