एक जूनची पत्रिका

न्हाई न्हाई, बसा हो, टेंभुर्णीची गाडी इतक्यात कुठं लागती — भोकरदनच्या स्टँडवर घाई करून भागत न्हाई. तर काय सांगत होतो — हां, कंप्युटरवरची पत्रिका! नात माझी, शिवकन्या, जालन्याला त्याचाच कोर्स करून राह्यली, अन् मलाच म्हणती, "आबा, त्यात जे घालाल तेच ते बाहेर काढतं, त्याच्या भरवशावर माझं लग्न ठरवू नका." ऐका! काल शिकलेली पोर! आपले केस काय उन्हानं पांढरे झाले? तिच्या कोर्सातली पोरं मशीनला हसत्यात, अन् आमच्या पारावरचे समदे म्हातारे जालन्याला जाऊन पत्रिका काढून आले — मंग अडाणी कोण? पंडित माणूस हाय, दक्षिणा बघून गुण वाढवतो. मशीनला कशाची भूक? बटन दाबलं, कर्र-कर्र कागद बाहेर — टेंभुर्णीच्या पोराशी गुण बत्तीस! आता शब्द द्यायलाच निघालो तिकडं.

तिच्या मनात? हाय ना एक, आष्टीचा शिवाजी. पोरगं बिलकुल वाईट न्हाई — मागं एसटीत मला चक्कर आल्ती, तवा त्यानंच उचलून दवाखान्यात नेलं — पण गुण निघाले नऊ. दवाखान्यात जन्मलेला, तारीख-टाइम समदं बराबर लिवलेलं, तरी नऊच! अन् हा टेंभुर्णीवाला, शाळेच्या दाखल्यावर जन्म एक जून — आमच्या शिवकन्येच्या दाखल्यावर बी एक जून! हाय का न्हाई देवाची करणी?

काय सांगता, तुमची बी एक जूनच? आता ह्यात हसायला काय झालं — आमची तर अर्धी शाळा एक जूनची! तारीख कोणाला ठावं असती, मंग गुरुजी तीच टाकायचे. शिवकन्येचं नाव घालाया मीच गेल्तो की, म्या म्हणलं, लिवा गुरुजी सगळ्यांसारखं. जन्माची वेळ? ती कंप्युटरच्या दुकानवाल्यानं विचारली, म्या म्हणलं टाक अकरा — शाळा भरायची वेळ.

खरी कवा जन्मली? ते कसं इसरंल — पोळ्याची सांज, बैल दारात, शिंगांना बेगड, अन् आतून रडणं ऐकू आलं — बैल पूजायचे सोडून म्या आत पळालो, बायांनी हाकलून दिलं मला... पोळ्याची हाय माझी पोर...

मंग पत्रिकेतली ही एक जूनची... ही कोण?

टेंभुर्णीची लागली? लागू द्या. तुम्ही जावा, जागा धरा जल्दी. लई सवाल करता राव तुम्ही.